शब्दविचार : ‘कोर्टशिप’ साखरपुड्याआधी की नंतर?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. कापडाच्या जुन्या पेढीचे घर, मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात झालेला, विवाह वैशाखात ठरलेला. घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण कौतुकाने विचारतो, ‘सध्या कोर्टशिप चालू आहे ना?’ मुलीने एके दिवशी इंग्रजी शब्दकोश उघडून त्या शब्दाचा अर्थ पाहिला आणि आईला विचारले, ‘हा अर्थ खरा असेल तर मला अजून नाही म्हणता येते, होय ना?’ मुलीला खरोखरच नाही म्हणायचे आहे की केवळ शब्दाची मौज वाटली, हे आईला कळले नाही. विचारण्याचे धाडसही झाले नाही. आमच्याकडे त्यांनी विचारणा केली ती शब्दाची. ‘कोर्टशिप’चा नेमका अर्थ काय, आणि मराठीत त्यास काय म्हणावे?

शब्दापुरते उत्तर आधी देतो. इंग्रजीत ‘कोर्टशिप’ म्हणजे विवाहाच्या हेतूने एकाने दुसऱ्याचे मन वळवणे, आणि ज्या काळात हे मन वळवणे चालते तो काळ. त्या समाजातील जुना क्रम असा, की आधी ओळख, मग कोर्टशिप, मग मागणी, मागणीस होकार मिळाला तर वाङ्निश्चय आणि सर्वांत शेवटी विवाह. अलीकडचे काही कोश ‘विवाहापूर्वीचा सहवासाचा काळ’ असा सैल अर्थही देतात, परंतु शब्दाचा गाभा मागणीच्या अलीकडचा आहे. ज्याची मनधरणी चालली आहे त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही, हे त्या शब्दात गृहीत आहे. उत्तर मिळून चुकले असेल तर मनधरणी कशाची करावयाची?

आपल्या घरांत मात्र हा शब्द उत्तरानंतर सुरू होतो. ‘आमचा कोर्टशिप पिरियड सहा महिन्यांचा होता’ असे एखादी सूनबाई सांगते तेव्हा तिला म्हणावयाचे असते, की साखरपुडा आणि विवाह यांमध्ये सहा महिने होते. हा अर्थ केवळ मराठी घरांतला नाही. गुजराती, मारवाडी, सिंधी, पंजाबी अशा साऱ्या घरांतून तो रूढ आहे आणि भारतीय इंग्रजीने तो आपलासा केला आहे. भाषा बदलत असते, परकीय शब्द दुसऱ्या घरी गेला की त्या घराची चाल शिकतो, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. परंतु येथे शब्द केवळ अर्थाने बदललेला नाही, तो जागेने सरकला आहे. होकाराच्या अलीकडचा शब्द आपण उचलून होकाराच्या पलीकडे ठेवला. त्याच्यासोबत जी एक मोकळीक यावयाची ती मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. त्या मुलीने नेमके तेवढेच ओळखले.

आता शब्दाचे कुळ पाहू. ‘कोर्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालय उभे राहते, आणि व्यापारी माणसाच्या कपाळावर आठी पडते. मूळ लॅटिन शब्द ‘कोहोर्स’, त्याचा अर्थ कुंपण घातलेले अंगण. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि अंगणाचा राजवाड्याचा चौक झाला. राजा जेथे बसतो तो चौक म्हणून दरबार, दरबारात न्याय मिळतो म्हणून न्यायालय, आणि आखलेली मोकळी जागा म्हणून टेनिसचेही कोर्ट. एकाच अंगणाची ही सारी अपत्ये. ‘कर्टसी’ म्हणजे सौजन्य, तेही याच घरातले, कारण ते दरबारी माणसाचे वागणे. शब्दाच्या अंती येणारी ‘शिप’ ही जहाज नव्हे. ‘पार्टनरशिप’मध्ये जी आहे तीच ही, स्थिती अथवा नाते दाखवणारी.

दरबारात जो वावरतो त्याला राजाची मर्जी राखावी लागते. गोड बोलणे, वाकून राहणे, योग्य क्षणाची वाट पाहणे, हे त्याचे शास्त्र. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘कोर्टशिप’ शब्द इंग्रजीत दिसू लागला तेव्हा त्याचा अर्थ हे दरबारी वागणे असाच होता, आणि लवकरच तो स्त्रीच्या मनधरणीकडे वळला. शेक्सपियरच्या नाटकांत दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये हद्दपारीची शिक्षा झालेला रोमिओ हा शब्द उच्चारतो तो मानमरातबाच्या आणि प्रियेजवळ असण्याच्या अशा दुहेरी छटेने. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये मात्र तो विवाहेच्छू तरुणाच्या प्रयत्नासाठीच येतो.

या दुसऱ्या नाटकापाशी आपल्या वाचकांनी थोडे थांबावे, कारण ते व्यापाऱ्यांचे नाटक आहे. बॅसॅनिओ या तरुणाला पोर्शिया नावाच्या धनाढ्य मुलीकडे जावयाचे आहे, पण थाटाने जाण्यास हाती पैसा नाही. त्याचा मित्र अँटोनिओ हा सागरी व्यापारी, त्याची जहाजे माल घेऊन बाहेर गेलेली आणि रोकड शून्य. म्हणून शायलॉककडून ३००० डुकाट तीन महिन्यांच्या मुदतीने घेतले जातात आणि अँटोनिओ जामीन राहतो. त्या जामिनाची अट काय होती ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मनधरणीचा हा सारा खेळ उधारीच्या भांडवलावर चालला होता! साखरपुड्याचा खर्च कर्ज काढून करणाऱ्यांनी या जमाखर्चाकडे एकदा पाहावे.

परंतु मला या नाटकातले दुसरेच अधिक महत्त्वाचे वाटते. पोर्शियाच्या वडिलांनी मृत्यूपूर्वी सोने, चांदी आणि शिसे यांच्या तीन पेट्या ठेवल्या आणि जो योग्य पेटी निवडेल त्याच्याशीच मुलीने विवाह करावा असे बंधन घालून ठेवले. इतकी श्रीमंत, इतकी बुद्धिमान मुलगी, जी पुढे न्यायसभेत उभी राहून भल्याभल्यांना निरुत्तर करते, तिला स्वतःचा वर निवडता येत नाही आणि नको असलेला नाकारताही येत नाही. शब्द आहे, त्या शब्दाचा थाट आहे, देशोदेशींचे वर रांगेने येत आहेत, आणि जिच्यासाठी हे सारे चालले आहे तिच्या मुखी ‘नाही’ हा शब्द नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला हे खटकले असावे, नाहीतर त्याने तिच्या तोंडून ती व्यथा बोलविली नसती.

इंग्रज समाजाने पुढे या नकाराला हळूहळू जागा करून दिली. जेन ऑस्टिनच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत कॉलिन्स नावाचे एक पाद्री एलिझाबेथला मागणी घालतात. ती स्पष्ट शब्दांत नाही म्हणते. कॉलिन्स मानीत नाहीत. मुली लाजून प्रथम नाही म्हणतातच, अशी त्यांची ठाम समजूत. ती पुन्हा नाही म्हणते, त्यांना पुन्हा ते लाजणेच वाटते. आई संतापते, कारण घरच्या मालमत्तेचा वारसा त्याच कॉलिन्सकडे जाणार असतो. वडील मात्र मुलीच्या बाजूने उभे राहतात आणि विषय तेथे संपतो. आपल्याकडील कितीतरी घरांतील प्रसंग यात जसाच्या तसा सापडेल. एवढेच, की आपल्याकडे वडील नेहमीच वेळेवर उभे राहतात असे नाही.

नकाराचा दुसरा अंक न्यायालयात होत असे. वचन देऊन विवाह न केल्यास वचनभंगाचा दावा लावून भरपाई मागण्याची सोय इंग्लंडच्या कायद्यात होती. डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये या दाव्यांची जी थट्टा केली आहे ती वाचनीय आहे. घरमालकीण बाईंचा गैरसमज, जेवणाविषयीच्या एका साध्या चिठ्ठीचा वकिलांनी काढलेला प्रणयार्थ आणि ७५० पौंडांची भरपाई. पिकविकसाहेबांनी ती भरण्याचे नाकारून तुरुंग पत्करला. हा प्रकार तेथे १९७० च्या एका अधिनियमाने बंद झाला. त्याच अधिनियमाने वाङ्निश्चयाची अंगठी ही, काही विशेष अट नसेल तर, कायमची भेट मानली. इंग्रजांच्या घरी हा शब्द आज जुनाट झाला आहे. आजीच्या पेटीतील रेशमी शालूसारखा तो क्वचित बाहेर निघतो. रोजच्या बोलण्यात ‘डेटिंग’ने त्याची जागा घेतली. तो अजून ताजातवाना आहे तो आपल्याकडे.

शब्दाची आणखी दोन स्थित्यंतरे केवळ मौज म्हणून सांगतो. मर्जी राखणे यावरून संकट ओढवून घेणे यालाही इंग्रजीत ‘कोर्ट’ करणे म्हणतात. त्यातूनच स्वातंत्र्यलढ्याच्या काळात आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांनी सत्याग्रहींच्या वर्णनात ‘कोर्टेड अरेस्ट’ ही शब्दयोजना इतकी वापरली, की ती आजही आंदोलनाच्या बातमीत भेटते. स्वतःहून अटक करवून घेणे, असा तिचा अर्थ. दुसरे असे, की ‘कोर्ट मॅरेज’चा ‘कोर्टशिप’शी काही संबंध नाही, आणि न्यायालयाशीही नाही. तो विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने विवाह अधिकाऱ्यासमोर होतो, त्याआधी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. लोक ‘कोर्ट’ म्हणतात, इतकेच.

आपल्याकडे हा शब्द उशिरा का आला, याचे कारण उघड आहे. वधू आठ-दहा वर्षांची असे तेव्हा कोणी कोणाचे मन वळवावयाचे? मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला. वयात आल्यावर त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले. पतीने न्यायालयात धाव घेतली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, नंतर तो फिरला. नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. पुढे तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली. विवाहाआधी ज्या ‘नाही’ला जागाच नव्हती ते ‘नाही’ विवाहानंतर उच्चारण्याची किंमत त्यांना अशी मोजावी लागली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा केले, १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा आणि एकवीस झाले. मुली शिकू लागल्या, पदवीधर झाल्या, पेढीवर बसू लागल्या. वय वाढले तसे दोघांनी एकमेकांशी बोलावे ही गरज निर्माण झाली. पण ठरविण्याचा अधिकार मोठ्यांकडेच राहिला. मग या दोहोंतून वाट काढली गेली ती अशी, की आधी मोठ्यांनी ठरवावे आणि नंतर मुलांनी बोलावे. या नंतरच्या बोलण्यास नाव हवे होते, ते इंग्रजीतून उसने घेतले.

जो सौदा समजतो त्याला हा फरक पेढीच्या भाषेत चटकन कळेल. माणसाची तुलना मालाशी करू नये हे मी जाणतो. येथे तुलना माणसांची नाही, निर्णयाच्या अवस्थांची आहे. हिऱ्याच्या बाजारात, सराफीत, कापडात ‘जांगड’ हा व्यवहार सर्वांना परिचित आहे. माल पाहण्यासाठी दिला जातो, चिठ्ठीवर ‘जांगड’ लिहिले जाते, पसंत पडला तर सौदा होतो, नाही पडला तर माल तितक्याच आदराने परत जातो. परत आला म्हणून देणाऱ्याची पत जात नाही आणि घेणाऱ्यावर ठपका येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातही पसंतीवर दिलेल्या मालाची तरतूद आहे, ती याच न्यायाची. याउलट इसार दिला की गोष्ट वेगळी. इसारपावती झाल्यावर जो मागे फिरतो तो काहीतरी गमावतो. इंग्रजी कोर्टशिप ही जांगड अवस्था आहे. आपली कोर्टशिप इसारानंतरची आहे, आणि तरीही आपण तिला जांगडीचे नाव देतो. पेढीवर कोणी इसार घेतलेल्या व्यवहाराच्या चिठ्ठीवर ‘जांगड’ लिहिले तर मुनीमजी तत्काळ हरकत घेतील.

वाङ्निश्चय आणि विवाह यांमधल्या या काळाविषयी आपल्या जुन्या साहित्यात एक कथा आहे, आणि मला वाटते तिच्याइतके मार्मिक या विषयावर कोणी लिहिले नाही. विमलसूरींच्या ‘पउमचरिया’त ती आहे, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. पुढे रविषेणांच्या ‘पद्मपुराणा’त आणि हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरिता’तही ती आली. अंजना आणि पवनंजय यांची कथा घराघरांत ठाऊक आहे. परंतु सांगताना आपण अंजनेच्या शीलावर आणि तिच्या वनवासावर भर देतो. कथेचा आरंभ भरभर उरकतो.

आरंभ असा. दोन्ही पित्यांनी विवाह ठरविला. मुहूर्तास तीन दिवस होते. पवनंजयास तेवढाही धीर धरवेना. प्रहसित नावाच्या मित्राला घेऊन तो रात्री गुपचूप अंजनेच्या महालापाशी गेला आणि लपून तिला पाहू लागला. आत सख्यांचे बोलणे चालले होते. एकीने पवनंजयाची स्तुती केली, दुसरीने विद्युत्प्रभ नावाच्या दुसऱ्या राजपुत्राला अधिक योग्य ठरविले. अंजना काहीच बोलली नाही. लाजेने असो, संकोचाने असो, ती गप्प राहिली. पवनंजयाने त्या मौनाचा अर्थ लावला, की हिचे मन विद्युत्प्रभावर आहे. रागाने तलवारीला हात गेला, तो मित्राने आवरला. मग त्याने विवाह केला आणि त्या दिवसापासून बावीस वर्षे पत्नीचे मुख पाहिले नाही.

बावीस वर्षे! आणि कारण काय, तर एका रात्रीचे न बोलणे. तो पाहावयास गेला होता, विचारावयास नाही. ती ऐकत होती, उत्तर द्यावे असे तिला कोणी विचारलेच नव्हते. पुढे युद्धाला जाताना मानस सरोवराकाठी चक्रवाकीचा विरहाक्रोश ऐकून त्याचे मन पालटले, तो रात्रीच गुप्तपणे परतला, आणि त्या गुप्ततेनेच अंजनेवर पुढचा कलंक आणला. सासूने तिला घराबाहेर काढले, गुहेत हनुमानाचा जन्म झाला. ही सारी कथा भक्तीने वाचावी तशी विवाह ठरविणाऱ्यांनीही वाचावी. ग्रंथकार पूर्वकर्माची कारणमीमांसा देतात आणि ती त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्या तीन दिवसांत दोघांची एकदा समोरासमोर भेट झाली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज तीन दिवस नसतात, सहा महिने असतात, आणि हातात फोन असतो. तरीही काय बोलले जाते ते पाहावे. वाढदिवसाची भेट, दिवाळीचे ताट, कोणत्या हॉटेलात जेवण, कोणत्या दागिन्याची घडण, छायाचित्रकार कोणता. दोन्हीकडील घरे या काळात भेटवस्तूंची अशी काही देवाणघेवाण करतात, की तो एक स्वतंत्र खर्चाचा सदर होऊन बसतो. ज्या गोष्टी बोलाव्यात त्या बोलल्या जात नाहीत. विवाहानंतर मुलगी काम करणार की नाही, पेढीवर तिचे नाव येणार की नाही, एकत्र कुटुंबात कोणाचा शब्द अखेरचा, रात्रीभोजनाचा नियम घरात किती कडक, मुलाला खरोखर धंद्यात राहावयाचे आहे की वडिलांच्या धाकाने तो बसला आहे, कोणाला काही आजार आहे का, घरावर कर्ज किती. असे विचारणे आगाऊपणाचे ठरते, कारण आता ‘ठरले आहे’. आणि ज्या काळात प्रश्न विचारणे आगाऊपणाचे ठरते त्याला कोर्टशिप म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे, असे माझे मत आहे.

एखाद्या मुलीला अथवा मुलाला या काळात खरोखरच काही आढळते. खोटे बोललेले, लपविलेले, किंवा नुसताच स्वभावाचा मेळ न बसणारा. मग घरात वाक्ये सुरू होतात. हॉलचे पैसे भरले. पत्रिका छापावयास गेल्या. समाजात तोंड कसे दाखवावे. धाकटीचे कसे होईल. मला त्या घरांना दोष द्यावयाचा नाही, कारण नाव हे व्यापाऱ्याचे भांडवल असते आणि ते जपण्याची सवय पिढ्यांची आहे. परंतु हिशेब मांडावयाचा तर पुरता मांडावा. हॉलची अनामत ही एका रकान्यातील रक्कम आहे, तिला शेवट आहे. विवाह मोडण्याच्या खर्चाचा रकाना कोठे संपतो हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्यातील मोठा भाग मुलगीच भरते.

कायद्याचे म्हणाल तर शंकेला जागा नाही. जैनांना लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने विवाह रूढ विधींनी पूर्ण होतो. जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावर तो पूर्ण आणि बंधनकारक मानला जातो. साखरपुडा हा विवाह नाही. वाङ्निश्चय झाला म्हणून लग्न कर, असा हुकूम कोणतेही न्यायालय देत नाही. उलट बळजबरीने अथवा फसवणुकीने मिळविलेल्या संमतीवर झालेला विवाह त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाखाली रद्द करून मागता येतो. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. इंग्रजी कोशाप्रमाणेही होय, आणि आपल्या कायद्याप्रमाणेही होय.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. ‘प्रियाराधन’ हा शब्द मराठी साहित्यात चांगला रुळलेला आहे. आपल्या वाचकांना त्यात किंचित अवघड वाटेल, कारण आपल्या कानांना आराधना म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र आणि तप यांची आराधना, नाहीतर नवपदाच्या ओळीची. पण शब्द निर्दोष आहे, एखाद्याला प्रसन्न करून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘प्रणयाराधन’ हा त्याचा भाऊ जीवशास्त्राने आपल्याकडे घेतला. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात पक्ष्यांच्या प्रणयाराधनाची विस्तृत चर्चा केली, आणि ज्युलियन हक्स्ली यांनी १९१४ साली तुरेवाल्या पाणडुबी पक्ष्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्या पक्ष्यांत नर आणि मादी दोघेही समोरासमोर येऊन मान हलवितात, चोचीत पाणवनस्पती धरून एकमेकांपुढे उभे राहतात, म्हणजे आर्जव दोन्ही बाजूंनी. आपल्या विहिरीवरच्या बाभळीला लटकणारा सुगरणीचा खोपा तर अधिक बोलका आहे. श्रेय आपण सुगरणीला देतो, पण बांधतो तो नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडले तर नर उरलेले विणकाम पुरे करतो, नाही पडले तर ते अर्धे घरटे सोडून दुसरे विणावयास घेतो. झाडाखाली अशी अर्धी घरटी पडलेली पुष्कळांनी पाहिली असतील.

‘अनुनय’ हाही शब्द आहे. मागोमाग जाऊन समजूत घालणे असा त्याचा भाव, पण राजकारणाने त्याला मतदारांच्या दारी नेऊन बसविले आणि आता तो घरात परत आणणे कठीण आहे. माझे मन वळते ते वर सहज येऊन गेलेल्या ‘आर्जव’ या शब्दाकडे. मराठीत आर्जव म्हणजे विनवणी. संस्कृतात मात्र ऋजु म्हणजे सरळ, आणि त्याचा भाव तो आर्जव. दशलक्षण धर्मातील उत्तम आर्जव आपण दरवर्षी भाद्रपदात ऐकतो तो या अर्थाने, मनात एक आणि वाणीत दुसरे नसणे. विनवणी आणि सरळपणा हे दोन अर्थ एकाच शब्दात असलेली दुसरी भाषा मला ठाऊक नाही. दरबारी गोडव्यातून जन्मलेल्या ‘कोर्टशिप’ला हा सरळपणा मुळातच नव्हता.

मात्र पत्रिकेवर किंवा छायाचित्रांच्या अल्बमवर ‘आर्जवकाल’ छापावा असे मी सुचविणार नाही, कोणी समजणार नाही. साखरपुड्यानंतरच्या काळास ‘परिचयकाळ’ म्हणावे, नाहीतर सरळ ‘साखरपुड्यानंतरचे दिवस’. ‘कोर्टशिप’ हा शब्द त्याआधीच्या काळासाठी राखून ठेवावा, आणि तो काळ घरात असू द्यावा. परिचय संमेलनात बायोडेटा जुळला, पत्रिका पाहिली, घराची चौकशी झाली, की साखरपुड्याची तारीख धरण्याची आपली घाई असते. त्या दोहोंमध्ये दोन-तीन महिने मोकळे ठेवण्यास कोणताही शास्त्राधार आड येत नाही. मराठीत ‘बोलणी’ आणि ‘बोलणे’ असे दोन शब्द आहेत. बोलणी मोठ्यांची, ती अनेकवचनी, ती चालतात, पुढे सरकतात, फिसकटतात. बोलणे दोघांचे, एकवचनी. बोलण्याला पुरेसा वेळ मिळाल्यावर बोलणी सुरू झाली तर फिसकटण्याचे प्रसंग कमी येतील की अधिक, हे मी सांगू शकत नाही. कदाचित अधिकच येतील. पण ते वैशाखातल्या मांडवाऐवजी मार्गशीर्षातल्या दिवाणखान्यात येतील.

पत्रलेखिका भगिनींना वेगळे उत्तर पाठविले आहे. त्यात शब्दार्थ एका ओळीत आहे, उरलेल्या पत्रात मुलीला आधी विचारा एवढेच लिहिले आहे, आणि विचारताना खोलीत दुसरे कोणी नसावे हेही.

पुढील अंकी ‘हुंडा’ आणि ‘हुंडी’ यांत खरोखर नाते आहे की केवळ ध्वनिसाम्य, ते पाहू. जुन्या हुंड्यांचे कागद ज्यांच्या पेढीवर असतील त्यांनी मजकुराची नक्कल अवश्य पाठवावी.